ट्रेलर ओढायला डिझेल पिकअप घ्यावा का? ठरवायचं कसं

अमेरिकेत कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) किंवा बोट घ्यायचं घरात ठरलं की पाठोपाठ ट्रकचा विषय निघतो, आणि ट्रकचा विषय निघाला की डिझेल की पेट्रोल यावर गाडी येते. सल्ला द्यायला सगळे पुढे असतात आणि बहुतेकांचा सल्ला मायलेजपासून सुरू होतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. इंधन वाचेल या आशेने घेतलेला डिझेल ट्रक आपली जास्तीची किंमत क्वचितच वसूल करून देतो. पुढे आकडे मांडून दाखवतो. त्याचा खरा उपयोग जड ट्रेलर घेऊन लांब चढ चढताना, उंचावरच्या विरळ हवेत, आणि सगळ्यात जास्त उतार उतरताना होतो. तुमच्या वाटेत हे काही नसेल, तर आजचा मोठ्या इंजिनाचा पेट्रोल ट्रक तेच काम कमी पैशांत करतो.

म्हणून आधी ट्रेलर, मग ट्रकची भार पेलायची क्षमता, मग रस्ता, आणि इंजिन त्यानंतर.

## ट्रेलरचं खरं वजन काढा

विक्रेता सांगतो तो आकडा बहुतेक वेळा रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात पाणी नसतं, सामान नसतं, कित्येकदा बॅटरीही धरलेली नसते. एक गॅलन पाणी ८.३ पाउंड भरतं. म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की तिथेच ४०० पाउंड वाढले. त्यावर भांडी, अंथरुणं, खुर्च्या, सायकली, हत्यारं, शिधा. सहलीला निघालेला ट्रेलर कागदावरच्या रिकाम्या वजनापेक्षा हजार-दीड हजार पाउंडांनी जड असणं अगदी नेहमीचं.

त्यामुळे हिशेब रिकाम्या वजनावर करू नका. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला, डाव्या बाजूला पुढे एक लेबल असतं. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सगळं भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा दिलेला असतो. तोच धरून चला. प्रत्यक्षात वजन थोडं कमी भरलं तर उत्तम.

यातला किती भार ट्रकच्या अंगावर येतो, ते यानंतर काढायचं. ट्रकच्या मागच्या हिचला, म्हणजे जोडणीच्या कडीला, जोडायच्या साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि ते झोके एकदा वाढले की ट्रक सावरणं फार कठीण. फिफ्थ व्हील किंवा गूजनेक, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडायचे ट्रेलर, १५ ते २५ टक्के भार टाकतात.

## ट्रकचं दार उघडा आणि स्टिकर वाचा

या पायरीवर घाई करू नका. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ओढण्याची क्षमता छापलेली असते: १४ हजार, १८ हजार, २० हजार पाउंड. घरच्या वापरासाठी ट्रेलर ओढणाऱ्याचा ट्रक त्या आकड्यापाशी अडत नाही, त्याच्या कितीतरी आधी पेलोडपाशी अडतो. पेलोड म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर पेलायचा भार: माणसं, हौद्यातलं सामान, हिच, आणि हिचवर टेकलेला ट्रेलरचा वाटा.

हा आकडा प्रत्येक ट्रकचा वेगळा असतो. एकाच मॉडेलचे दोन ट्रक शेजारी उभे असले तरी सनरूफ, पॉवरच्या पायऱ्या आणि चामड्याच्या सीट असलेल्याचा पेलोड कमी भरतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरच्या दाबाचा पांढरा-पिवळा स्टिकर दिसतो. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर जाऊ नये ते लिहिलेलं असतं. फोनवर त्याचा फोटो काढून घ्या. शोरूममध्ये बाकीचं बोलणं त्यानंतर.

आता उदाहरण घेऊ. ट्रेलर ९,५०० पाउंडांचा, हिचवर त्यातले सुमारे १,२००. वजन विभागणारी हिच (दांड्यांच्या जोरावर हिचवरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारी) १०० पाउंड. चार माणसं ६५०. हौद्यात जनरेटर, सरपण, अवजारं मिळून २००. बेरीज २,१५०.

पाऊण टनी वर्गातला, म्हणजे फोर्ड एफ-२५०, रॅम २५०० किंवा शेवरोले २५०० एचडी या जातीचा, चार दारांचा, चारही चाकांना जोर देणारा, सोयींनी भरलेला डिझेल ट्रक घ्या. त्यातल्या कित्येकांच्या स्टिकरवर २,००० ते २,४०० पाउंड एवढंच दिसतं. जो ट्रक विकत घेताना कशालाही पुरून उरेल असं वाटतं, तो या मध्यम ट्रेलरलाच काठापर्यंत भरतो. कारण सरळ आहे. डिझेल इंजिन, त्याला सोसणारा गिअरबॉक्स, थंड करण्याची मोठी यंत्रणा हे सगळं पेट्रोलपेक्षा काहीशे पाउंडांनी जड असतं. या वर्गातल्या बऱ्याच ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १०,००० पाउंडांवर बांधलेली असते. इंजिन जड झालं की तेवढाच पेलोड घटतो. तोच ट्रक पेट्रोल इंजिनाचा घेतला तर पेलोड चांगलाच वाढतो.

यावर सोपा उपाय म्हणजे एक टनी ट्रक, म्हणजे एफ-३५० किंवा ३५०० वर्गातला, मागे दोनच चाकं असलेला. सांगाडा जवळजवळ तोच, किमतीतला फरक बहुतेक वेळा मामुली, आणि कागदावरचा पेलोड हजारभर पाउंडांनी जास्त. डिझेल घ्यायचंच असेल तर मी प्रत्येकाला आधी एक टनी ट्रकचा भाव काढायला सांगतो. फक्त नोंदणीचं शुल्क आणि विमा आपल्या राज्यात कसा बदलतो ते विचारून घ्या.

फिफ्थ व्हील घेणाऱ्यांनी तर हा हिशेब दोनदा करावा. १४,००० पाउंडांच्या फिफ्थ व्हीलचे २० टक्के म्हणजे २,८०० पाउंड. हौद्यातली हिच आणि माणसं धरली की साडेतीन हजारांच्या पुढे गेलात. पाऊण टनी डिझेलचा इथे प्रश्नच मिटला, मग त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हजार फूट-पाउंड का असेना.

## रस्ता बघा

सपाट मुलुखात ताशी ६० मैलांनी जाताना ट्रेलरचं वजन फारसं आडवं येत नाही. आडवी येते ती हवा. कॅम्परचं तोंड भिंतीसारखं सपाट असतं, आणि सात हजार पाउंडांचा असो वा दहा हजारांचा, हवेचा विरोध जवळपास तेवढाच. इथे पेट्रोल इंजिन सहज निभावून नेतं.

चढावर गणित पालटतं. ट्रक आणि ट्रेलर मिळून २०,००० पाउंड धरा. ६ टक्के चढ म्हणजे वजनाच्या ६ टक्के, १,२०० पाउंडांचा जोर सतत मागे ओढतो. ताशी ६० मैल कायम ठेवायचे तर नुसत्या चढासाठी १९० हॉर्सपॉवर लागतात. हवा आणि टायरचं घर्षण धरून चाकांपाशी पावणेतीनशेच्या आसपास, आणि वाटेतली गळती धरली की इंजिनाकडून तीनशे.

फोर्डचं ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन ४३० हॉर्सपॉवर देतं, म्हणजे तीनशे त्याच्या आवाक्यात आहेत. पण त्याचा टॉर्क ४८५ फूट-पाउंड असल्याने तीनशे हॉर्सपॉवर काढायला त्याला सव्वातीन हजारांच्या वर आरपीएम लागतो. फोर्डच्याच ६.७ लिटर डिझेलच्या साध्या आवृत्तीचा टॉर्क १,०५० आहे, रॅममधल्या कमिन्स डिझेलच्या ताकदवान आवृत्तीचा १,०७५, आणि शेवरोलेतल्या ड्युरामॅक्स डिझेलचा ९७५. ही इंजिनं तेवढीच ताकद दोन हजारांच्या खालीच देऊन मोकळी होतात. गाडीत बसलेल्याला फरक जाणवतो तो हा: पेट्रोल ट्रक गिअर खाली टाकून ओरडत चढतो आणि डिझेल बोलणं न थांबवता चढून जातो. पेट्रोल इंजिन ओरडलं म्हणून बिघडत नाही, ते त्यासाठीच बांधलेलं असतं. ज्यांना त्या आवाजाने धास्ती वाटते त्यांना एवढंच सांगतो, तापमानाचा काटा जागेवर असेल तर पाय काढायचं कारण नाही.

उंची वाढली की पेट्रोलची बाजू खरोखर लंगडी पडते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत इंटरस्टेट ७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे आणि त्याच्या पश्चिमेकडच्या चढणीला ७ टक्क्यांपर्यंतचा चढ मैलोन् मैल चालतो. तिथे ४३० हॉर्सपॉवरचं इंजिन तीनशेच्या आसपास येऊन ठेपतं. वरच्या हिशेबात ६ टक्क्यांनाच तीनशे लागत होते. म्हणजे ट्रेलरसह २०,००० पाउंड भरणारा पेट्रोल ट्रक तिथे पूर्ण दाबूनही हळूहळू वेग गमावत जाईल आणि उजव्या लेनमध्ये मालट्रकांच्या मागे लागेल. डिझेलचा टर्बो विरळ हवा दाबून इंजिनात भरतो, त्यामुळे त्याची ताकद फारच थोडी घटते. रॉकीजच्या डोंगरांत दरवर्षी जाणार असाल तर हा एक मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे.

कंपन्यांचे ओढण्याचे आकडे पूर्वी ज्याच्या-त्याच्या मर्जीने ठरत. आता मोठ्या कंपन्या एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे ते काढतात. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या ११.४ मैलांच्या चढणीवर, एसी पूर्ण चालू ठेवून, मागे दोन चाकं असलेल्या ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली जायचं नाही अशी अट आहे. पण ती चढण समुद्रसपाटीपासून फार उंच नाही आणि ४० मैल हा काही सहलीचा वेग नव्हे. आकडा खरा असतो, तरी त्यावरून डोंगरातला प्रवास कसा होईल ते कळत नाही.

## उतारावर काय होतं

चढावर ताकद कमी पडली तर वेळ जातो. उतारावर ब्रेक कमी पडले तर जीव जातो. म्हणून डिझेलच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं कारण एक्झॉस्ट ब्रेक हे आहे.

तोच २०,००० पाउंडांचा जोड ६ टक्के उतारावर ताशी ५५ मैलांनी चालला आहे. उतार त्याला पावणेदोनशे हॉर्सपॉवरच्या जोराने पुढे ढकलतो. त्यातला काही भाग हवा खाते. उरलेली शंभरेक हॉर्सपॉवर ऊर्जा कुठेतरी जिरवायलाच हवी. ती चाकांच्या ब्रेकमध्ये जिरवत राहिलात तर पाच-सहा मैलांत ब्रेक इतके तापतात की पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. आधी जळका वास येतो, मग पेडल खोल जाऊ लागतं.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा रोखणारी झडप नसल्याने ते एरवी उतारावर गाडीला फारसं धरून ठेवत नाही. एक्झॉस्ट ब्रेक दाबला की टर्बोच्या पात्या मिटतात, बाहेर जाणारी हवा कोंडते, आणि पिस्टनना तिच्या विरुद्ध जोर लावावा लागतो. स्वयंचलित पद्धतीत ठेवला तर ट्रक वेग स्वतःच धरून ठेवतो आणि ड्रायव्हरने ब्रेकवर पाय टेकवायची गरज क्वचितच पडते. लांब घाट उतरल्यावर खाली थांबून चाकांजवळ हात नेऊन बघा. चाकं कोमट लागतात.

पेट्रोल ट्रकही उतरतोच. टो मोड (ओढताना गिअर खाली धरून ठेवणारी सेटिंग) लावायचा, उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून गिअर खाली घ्यायचा, इंजिन चार-साडेचार हजारांवर फिरू द्यायचं. वेग वाढू लागला तर ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून वेग दहाएक मैलांनी खाली आणायचा आणि सोडून द्यायचा. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरायचं नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आणि ट्रकमध्ये त्यांचा कंट्रोलर दोन्ही बाबतीत हवाच. एक्झॉस्ट ब्रेक आहे म्हणून ट्रेलरचे ब्रेक तपासायचे टाळणारे लोक मला भेटतात. त्यांना सांगावंसं वाटतं की तो फक्त ट्रकच्या मागच्या चाकांना धरतो. ओल्या रस्त्यावर ट्रेलर मागून ढकलायला लागला तर त्याचा उपयोग नाही.

## पैशाचा हिशेब

जड वर्गातल्या ट्रकमध्ये डिझेल इंजिनासाठी पेट्रोलपेक्षा साधारण १० हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. ते इंधनातून फिटतात का?

८,५०० पाउंडांपेक्षा जास्त मर्यादेच्या ट्रकवर मायलेजचं सरकारी लेबल लावावं लागत नाही. त्यामुळे मालकांच्या अनुभवातले नेहमीचे आकडे धरू: मोठा कॅम्पर ओढताना गॅलनला पेट्रोल ८ मैल, डिझेल ११, रिकामं असताना पेट्रोल १४, डिझेल १८. हिशेबापुरते भाव धरू पेट्रोल ३.२५ डॉलर गॅलन आणि डिझेल ३.८५. तुमच्या पंपावरचे भाव घालून हेच गणित पुन्हा करा.

वर्षाला ३,००० मैल ट्रेलरसह आणि ७,००० मैल रिकामं चालवणारं कुटुंब. पेट्रोल ८७५ गॅलन, म्हणजे सुमारे २,८४५ डॉलर. डिझेल ६६२ गॅलन, म्हणजे सुमारे २,५५०. वाचले २९५ डॉलर. आता डिझेलला डीईएफ लागतं, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचा युरियाचा द्राव. जळलेल्या डिझेलच्या दोन-तीन टक्के धरलं तर त्याचे साठ-सत्तर डॉलर गेले. इंधनाचे दोन फिल्टर ठराविक मैलांना बदलायचे. इंजिन ऑइल कमिन्सला १२ क्वार्ट, फोर्डच्या पॉवर स्ट्रोक डिझेलला १३, तर त्यांच्याच ७.३ पेट्रोलला ८. सगळं धरून वाचलेले पैसे संपतात. दहा हजार तसेच राहिले.

वर्षाला २०,००० मैल ओढणारा आणि ५,००० रिकामं चालवणारा माणूस घ्या, म्हणजे ट्रेलरमध्येच राहणारा किंवा घोडे, अवजारं वाहणारा. त्याचे इंधनात बाराशे डॉलर वाचतात. डीईएफ आणि देखभाल वजा जाता सहाशेच्या आसपास. दहा हजार फिटायला सोळा-सतरा वर्षं.

म्हणजे डिझेल खर्चिकच ठरतो? तितकं सरळ नाही. विकताना जास्तीच्या किमतीतला बराच भाग परत येतो. किती येतो ते तुम्ही स्वतः काढू शकता: जुन्या ट्रकच्या जाहिरातींत एकाच मॉडेलचे, एकाच वर्षाचे, सारख्या मैलांचे आणि सारख्या सोयींचे पेट्रोल आणि डिझेल ट्रक शोधा आणि फरक लिहून ठेवा. पाच-सहा जोड्या पाहिल्या की चित्र स्पष्ट होतं. शिवाय इंजिनावरची हमी डिझेलला साधारण ५ वर्षं किंवा १ लाख मैल असते, पेट्रोलला बहुधा ६० हजार मैल.

हमी संपल्यानंतरचा धोकाही मांडायला हवा. डिझेलचा उच्च दाबाचा पंप आतून तुटला तर धातूचा चुरा सगळ्या इंधन यंत्रणेत पसरतो. मग इंजेक्टर, नळ्या, सगळंच बदलावं लागतं आणि बिल १० हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. २०१९ आणि २०२० च्या रॅम डिझेल ट्रकवर याच पंपापायी रिकॉल निघाला होता. मी डिझेल ठेवणाऱ्यांना हमीनंतर काही हजार डॉलर वेगळे काढून ठेवा असं सांगतो. पेट्रोल इंजिनात इतकं महाग मोडण्यासारखं फारसं नसतं, आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक त्याला हात लावतो.

## ट्रेलर नसताना ट्रक काय करणार?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि त्रास इथूनच सुरू होतो. २००७ पासूनच्या डिझेल ट्रकमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो भरला की इंजिन जादा इंधन जाळून त्याला सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. यासाठी वीस-तीस मिनिटं सलग हायवेवर चालणं लागतं. ट्रेलर ओढताना हे आपसूक होतं. पण आठवडाभर तीन मैलांवर शाळा आणि चार मैलांवर दुकान एवढंच चाललं तर इंजिन धड तापतही नाही, फिल्टर साफ होण्याचं काम अर्धवट राहतं आणि शेवटी दिवा लागून ट्रक ताकद कमी करतो. असा वापर असेल तर डिझेल घेऊ नका. किंवा आठवड्यातून एकदा तासभर हायवेवर नेण्याची शिस्त ठेवा.

थंड प्रदेशात डिझेल घट्ट होऊ लागतं. तिथे थंडीत हिवाळी मिश्रणाचं डिझेल मिळतं. उबदार राज्यातून टाकी भरून थेट बर्फात जाताना हे विसरू नका. डीईएफ उणे ११ सेल्सियसला गोठतं. त्याची टाकी ट्रक स्वतः गरम करतो, त्यामुळे घाबरू नका. मात्र डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर इंजिन सुरू करू नका, चावीसुद्धा फिरवू नका. तसाच टो करून न्या. पंपावर नळीच्या रंगावर विसंबू नका, पाटी वाचा.

## मग कोणी काय घ्यावं

ट्रेलर ७,०००-८,००० पाउंडांच्या आत, वर्षातून मोजक्या सहली, रस्ते बहुतेक सपाट किंवा टेकड्यांचे: पेट्रोल घ्या आणि उरलेले पैसे सहलींवर खर्च करा. या वजनाला ज्यांना डिझेलची शांत ओढ हवी आहे त्यांच्यासाठी शेवरोले आणि जीएमसीच्या अर्ध्या टनी, म्हणजे त्याहून हलक्या वर्गातल्या, ट्रकमध्ये ३ लिटरचं ड्युरामॅक्स मिळतं: ३०५ हॉर्सपॉवर, ४९५ फूट-पाउंड. रिकामं चालवताना त्याचं मायलेज फारच छान आहे. पेलोड मात्र अर्ध्या टनाचाच, आणि ऑइल पंपाचा पट्टा इंजिनाच्या मागच्या अंगाला आहे. पहिल्या पिढीत तो दीड लाख मैलांना बदलायचा असतो आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जुना घेत असाल तर हे आधी विचारा.

८,००० ते १२,००० पाउंडांच्या मध्ये रस्ता निर्णय देतो. मैदानी भागात पाऊण टनी पेट्रोल, आणि तोही मोठ्या ॲक्सल रेशोचा (ॲक्सलमधल्या दात्यांचं प्रमाण). फोर्डमध्ये ३.७३ ऐवजी ४.३० घेतला तर चढावरची त्याची ओढ वेगळीच लागते. शोरूममध्ये उभा असलेला ट्रक बहुतेकदा लहान रेशोचा असतो, तेव्हा हे आवर्जून बघा. दरवर्षी मोठे डोंगर ओलांडायचे असतील तर डिझेल, शक्यतो एक टनी.

१२,००० च्या वर, आणि विशेषतः फिफ्थ व्हीलला, मी डिझेल सोडून दुसरं सुचवणार नाही. इथे पैशाचा हिशेब मागे ठेवतो, कारण एवढं वजन मागे घेऊन उतरताना ड्रायव्हरच्या हातात जे हवं ते डिझेलच देतो. १५-१६ हजारांच्या पुढे मागे चार चाकांचा ट्रक बघायला लागा.

## जुना डिझेल घेताना

एक्झॉस्टच्या नळीत पांढरं फडकं घालून आतून पुसा. डीपीएफ शाबूत असलेला ट्रक असेल तर फडकं जवळजवळ स्वच्छ निघतं. काळीकुट्ट काजळी लागली तर फिल्टर फुटलेला आहे किंवा काढून टाकलेला आहे. धुराची यंत्रणा काढून टाकणं केंद्रीय क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदेशीर आहे. अशा ट्रकला तपासणीची सक्ती असलेल्या राज्यांत नोंदणी मिळायला अडचण येते आणि यंत्रणा परत बसवायची तर काही हजार डॉलर जातात. विक्रेता त्याचं कौतुक करत असला तरी परत फिरा.

इंधनाचे फिल्टर कधी बदलले त्याच्या पावत्या मागा. ऑइलपेक्षाही याच पावत्या मला महत्त्वाच्या वाटतात. इंजिन रात्रभर थंड असताना सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवलेला ट्रक मिळाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून सांगा. एक्झॉस्ट ब्रेक चालू करून उतारावर चालवा.

## घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात वजन करा

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचे काटे, असतात. सहलीला निघताना असतो तसा ट्रेलर भरा, माणसं बसवा, टाकी भरा आणि काट्यावर चढा. पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. वजन विभागणाऱ्या हिचचे दांडे या वेळी सैल ठेवा. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक पुन्हा तोला; त्याच दिवशीचं दुसरं वजन स्वस्तात होतं.

समजा जोडलेला असताना पावतीवर पुढे ४,४२०, मागे ४,८८० आणि ट्रेलरखाली ८,२६० आले, आणि नुसता ट्रक ८,१५० भरला. ट्रकवरची पहिली दोन वजनं मिळून ९,३००. त्यातून ८,१५० वजा केले की हिचवरचा भार १,१५०. ट्रेलरचं एकूण वजन ८,२६० आणि १,१५० मिळून ९,४१०. हिचवर १२ टक्के, म्हणजे योग्य. ट्रकची मर्यादा १०,००० असेल तर ७०० पाउंड शिल्लक. मागच्या ॲक्सलची मर्यादा दाराच्या खांबावरच्या दुसऱ्या लेबलवर असते, ती ४,८८० शी ताडून बघा.

हिचवरचा भार १० टक्क्यांच्या खाली आला तर जड सामान ट्रेलरच्या पुढच्या भागात सरकवा आणि पुन्हा तोला. ट्रक मर्यादेबाहेर गेला तर हौद्यातलं सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर हलवून बघा, आणि पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरा. दोन्ही पावत्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वर्षी नवा जनरेटर किंवा मोठी बॅटरी घेताना त्या लागतील.